बोटांनी वाचायची नोट

नाशिकरोडला एखाद्याची ओळख करून देताना ‘प्रेसमधला आहे’ एवढे सांगितले की पुरते. कोणती प्रेस, हे कुणी विचारत नाही. उंच भिंतींच्या आत इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस असे दोन कारखाने इथे आहेत. पहिल्यात पासपोर्ट, टपाल तिकिटे, मुद्रांक छापले जातात, दुसऱ्यात नोटा. बोलण्यात त्यांची नावे ‘आयएसपी’ आणि ‘सीएनपी’. बाप प्रेसमध्ये आणि मुलगाही प्रेसमध्ये, अशी घरे या भागात आहेत. त्या घरांतली माणसे कामाबद्दल फारसे बोलत नाहीत. ती सवय नोकरीबरोबर लागते आणि निवृत्तीनंतरही सुटत नाही.

अशाच एका निवृत्त कामगाराच्या ओसरीवर बसलो होतो. आत काय चालते ते मला विचारायचे नव्हते, आणि विचारले असते तरी त्यांनी सांगितले नसते. खिशातली पाचशेची नोट पुढे केली आणि म्हटले, “काका, ही खरी आहे का, सांगा.” त्यांनी चष्मा शोधला नाही. नोट दोन बोटांत धरली, अंगठा एकदा गांधीजींच्या चित्रावरून आणि एकदा कडेच्या तिरक्या रेघांवरून फिरवला आणि नोट परत दिली. “खरी आहे. उजेडात धरायची गरज नाही.”

नोटेविषयी आपण बोलतो ते सगळे डोळ्यांना दिसणारे असते. रंग कोणता, चित्र कशाचे, धागा चमकतो की नाही. पण नोट दिवसभर फिरते ती हातातून. भाजीवाल्या मावशी संध्याकाळच्या अंधूक उजेडात नोट घेतात, बसमधला कंडक्टर गर्दीत न बघता बोटांत घडी करून धरतो, बँकेतला कॅशियर शंभर नोटांचे बंडल मोजताना एखाद्या नोटेशी अडतो तेव्हा त्याची नजर नंतर जाते, आधी अंगठा थांबलेला असतो. नोटेतली सर्वांत भरवशाची सुरक्षा बोटांना कळणारी आहे. आणि आपल्याकडे लहान किमतीच्या नोटांतून नेमकी तीच काढून घेतली गेली आहे. हे किती गंभीर आहे ते समजायला आधी नोट कशी घडते ते पाहायला हवे.

भारतात सरकारी कागदी चलन आले ते १८६१ च्या कायद्याने. त्याआधी बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाखा बँका आपापल्या नोटा काढत असत, तो अधिकार या कायद्याने सरकारकडे गेला. पहिल्या नोटांवर राणी व्हिक्टोरियाचे छोटे चित्र होते आणि छपाई एकाच बाजूला होती. हाताने घडवलेला कागद इंग्लंडमधल्या लेव्हरस्टोक गिरणीतून यायचा. सुरक्षा म्हणजे कागदातले जलचिन्ह, छापलेली सही आणि प्रत्येक नोटेची नोंद. तेवढ्याने भागले नाही. बनावट नोटांचा सुळसुळाट झाला आणि १८६७ पासून त्या नोटा मागे घेऊन खाली रंगीत नक्षी असलेली नवी मालिका काढावी लागली. नोटेच्या इतिहासातले पुढचे जवळजवळ प्रत्येक वळण असेच आले आहे. आधी नकल करणारा एक पाऊल पुढे जातो, मग छापणारा दोन पावले टाकतो.

त्या काळी नोट देशभर चालत नसे. देश चलनाच्या मंडळांत वाटलेला होता, मुंबई मंडळाची नोट मुंबई मंडळातच कायद्याने वटवता यायची. नोटेवर कोणत्या भाषा असाव्यात तेही मंडळावर ठरायचे. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास आणि शंभर रुपयांच्या नोटा सगळीकडे चालतील अशा झाल्या आणि मग एकाच नोटेवर आठ भाषा आल्या. आजच्या नोटेच्या मागे जी भाषांची पट्टी दिसते तिचे मूळ इथे आहे. त्या पट्टीत आज पंधरा भाषा आहेत, असमियापासून उर्दूपर्यंत, इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने. मराठी आठवी, म्हणजे बरोबर मध्ये. तिच्यापासून दोन ओळी वर कोकणी आहे. अनेकांनी आयुष्यभर नोटा मोजल्या असतील, पण ही ओळ शोधून वाचली नसेल. आज वाचा.

छपाई मात्र दीर्घकाळ इंग्लंडातच होत राहिली. टपाल तिकिटे लंडनच्या दे ला रू कंपनीकडून यायची, नोटा बँक ऑफ इंग्लंडमध्ये छापल्या जायच्या. मग मुंबईच्या टांकसाळीचे प्रमुख कर्नल विलिस आणि सरकारी छपाई खात्याचे अस्कोली यांनी हे काम भारतात करता येईल का याचा अभ्यास केला. जागा ठरली नाशिकरोड. मुंबईशी थेट लोहमार्ग होता आणि हवा मुंबईसारखी दमट नव्हती. कागद दमटपणाने फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. ज्या छपाईत एका रंगावर दुसरा रंग केसभरही न सरकता बसायला हवा, तिथे हवेचा असा विचार करावाच लागतो. १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, १९२८ मध्ये नोटांची छपाई सुरू झाली आणि १९३२ पर्यंत भारताच्या सगळ्या किमतींच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, तिची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये आली. पाच रुपयांची, सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली. त्यावर सही होती गव्हर्नर सर जेम्स टेलर यांची. पुढे १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले आणि प्रथमच एका भारतीय गव्हर्नरची सही नोटेवर उमटली. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या माणसाची सही, ब्रिटिश राजाच्या चित्राशेजारी.

त्याच सुमाराला महायुद्धाने नोटेत दोन मोठे बदल घडवले. जपानने भारतीय नोटांची उत्तम नकल करायला घेतली होती. तिला तोंड देण्यासाठी जलचिन्हातले राजाचे बाजूने दिसणारे चित्र बदलून समोरून पाहणारा पूर्ण चेहरा घेतला आणि भारतात पहिल्यांदाच कागदात सुरक्षा धागा घातला गेला. आज आपण नोट तिरपी करून जो हिरवा-निळा धागा न्याहाळतो, त्याची सुरुवात त्या युद्धात आहे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली नवी नोट १९४९ ची, एक रुपयाची. राजाच्या जागी सारनाथचा सिंहस्तंभ आला. या सुमाराची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःची नोट नव्हती, तेव्हा भारताच्याच नोटांवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असे छापून १९४८ मध्ये तिकडे चालवल्या गेल्या. पुढे १९५९ मध्ये आखाती देशांत चालणाऱ्या रुपयासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, कारण तिथून भारतीय रुपया सोन्याच्या चोरट्या व्यापारात परत येत होता. हज यात्रेकरूंसाठीही खास नोटा होत्या. भारताच्या छापखान्याचा भार त्या वेळी देशाच्या सीमांपेक्षा मोठा होता.

आता कागदाकडे येऊ, कारण नोटेची निम्मी सुरक्षा छपाईच्या आधीच ठरून गेलेली असते.

आपल्या नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. लाकडाच्या लगद्याचा साधा कागद ओला झाला की विरघळतो आणि घडीवर फाटतो. कापसाचा धागा लांब आणि चिवट असतो, म्हणून नोट शर्टाच्या खिशात राहून धुण्यात गेली तरी बहुतेकदा वाचते. नोटा बोटांत वाजवून पाहण्याची सवय जुन्या व्यापाऱ्यांना आहे. तो करकरीत आवाजही कापसाचाच. हा कागद पूर्वी आयात होत असे. १९६८ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, सिक्युरिटी पेपर मिल सुरू झाली आणि अलीकडे म्हैसूरलाही नोटेच्या कागदाची गिरणी उभी राहिली. या कागदात साध्या कागदासारखी चमक आणणारी रसायने नसतात. म्हणून अतिनील दिव्याखाली खरी नोट काळपट राहते आणि बाजारातल्या छपाईच्या कागदावरची नकल निळसर उजळते. त्याच दिव्यात खऱ्या नोटेच्या कागदात विखुरलेले रंगीत तंतू आणि क्रमांक मात्र चमकतात.

जलचिन्ह छापलेले नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. ओला लगदा जाळीच्या फिरत्या पिंपावर चढतो तेव्हाच त्या जाळीतल्या उठाव आणि खळग्यांमुळे कुठे लगदा जास्त बसतो, कुठे कमी. कागद वाळला की जाड जागा उजेडात गडद दिसते, पातळ जागा उजळ. गांधीजींच्या चेहऱ्यावरच्या छाया अशा घडतात. त्याच्या शेजारी ‘५००’ असा अतिशय उजळ आकडा दिसतो. तो जाळीवर धातूचे अक्षर बसवून मुद्दाम अगदी पातळ केलेल्या कागदाचा असतो. शाईने किंवा मेणाने नकल केलेले जलचिन्ह एकाच छटेचे दिसते, त्यात सावलीतून उजेडाकडे जाणारी हळुवार चढण नसते. सुरक्षा धागाही कागद ओला असतानाच आत सोडला जातो. तो समोरून तुकड्यातुकड्यांत वर येतो आणि नोट उजेडात धरली की सलग दिसतो. पाचशेच्या नोटेत त्यावर ‘भारत’ आणि ‘आरबीआय’ ही अक्षरे आहेत, नोट तिरपी केली की त्याचा हिरवा रंग निळा होतो.

कागद छापखान्यात आला की आधी पार्श्वभूमीची नाजूक नक्षी सपाट छपाईने उमटते, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. नोटेच्या डाव्या बाजूला आकड्याचे अर्धवट तुकडे दिसतात. समोर काही, मागे काही. उजेडात धरल्यावर ते जुळून त्यांचा पूर्ण ‘५००’ होतो. हे तुकडे एका क्षणी, एका यंत्रात, समोरासमोर छापले नाहीत तर कधीच नीट जुळत नाहीत, आणि घरगुती यंत्रावर नकल करणारा इथे हमखास उघडा पडतो.

त्यानंतरची छपाई ही खरी कमाल. धातूच्या पत्र्यावर चित्र खोल रेषांत कोरलेले असते. त्या रेषांत घट्ट शाई भरायची, पत्र्याचा वरचा भाग पुसून स्वच्छ करायचा आणि प्रचंड दाबाखाली कागद त्यावर दाबायचा. कागद रेषांत शिरतो, शाई उचलतो आणि बाहेर येतो तेव्हा शाई कागदावर उंच उभी असते. गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभ आणि कडेच्या तिरक्या रेघा अशा छापलेल्या असतात. या उंच रेषांचाच उपयोग करून एक आकडा लपवलेला असतो. काही रेषा आडव्या, काही उभ्या. नोट समोर धरली तर काही दिसत नाही. डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून रेषांच्या अंगाने पाहिली की ‘५००’ उभा राहतो. सपाट छपाईत उंची नसते, म्हणून हा आकडा तिथे उगवत नाही. ओसरीवर बसलेल्या काकांच्या अंगठ्याने जे ओळखले ते हेच.

गांधीजींचे हे चित्र कल्पनेतून काढलेले नाही. १९४६ मध्ये तेव्हाच्या व्हाइसरॉय हाउसमध्ये लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्याबरोबर काढलेल्या छायाचित्रातला तो भाग आहे. छायाचित्रातल्या करड्या छटा कोरक्याला रेषांत उतरवाव्या लागतात. रेष जाड केली की सावली, बारीक केली की उजेड. चेहऱ्याची ओळख माणसाच्या मेंदूत इतकी पक्की असते की ओठाची रेष जराशी चुकली तरी ‘काहीतरी वेगळे आहे’ हे लगेच जाणवते. जगभरच्या नोटांवर माणसांचे चेहरे असण्यामागे सन्मानाइतकेच हेही कारण आहे.

उजव्या कोपऱ्यातला मोठा ‘₹५००’ रंग बदलतो. समोरून हिरवा, तिरका केल्यावर निळा. त्या शाईत रंगद्रव्य नेहमीसारखे नसते, अतिशय पातळ पदरांचे बारीक कण असतात. प्रकाश पदराच्या वरून परततो आणि खालूनही परततो, त्या दोन लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग मारले जातात, काही ठळक होतात. साबणाच्या फुग्यावर रंग सरकतात त्यातही हेच घडत असते. रंगीत झेरॉक्स यंत्र फार तर त्या क्षणी दिसणारा एक रंग पकडते. रंगातला बदल त्याला पकडता येत नाही. त्या आकड्याआधीचे ‘₹’ हे चिन्ह डी. उदयकुमार यांनी रेखाटले, पवईच्या आयआयटी मुंबईत पीएच.डी. करत असताना. सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले.

शेवटी क्रमांक पडतात. डावीकडून उजवीकडे आकडे मोठे होत जातात. छपाईत एखादी नोट खराब निघाली तर तिच्या जागी क्रमांकात तारा असलेली नोट बंडलात ठेवतात, म्हणजे बंडल शंभराचेच राहते. ताऱ्याची नोट खोटी असते अशी अफवा मध्यंतरी फिरली होती. ती नोट इतर कोणत्याही नोटेइतकीच खरी आहे. तीच गत लिहिलेल्या नोटेची. नोटेवर लिहिणे वाईट सवय आहे आणि ती सोडलीच पाहिजे, पण लिहिले म्हणून नोट रद्द होत नाही.

चित्रांविषयी थोडे. नोटांच्या मागे महाराष्ट्र अनेकदा येऊन गेला आहे. १९७८ मध्ये रद्द झालेल्या पाच हजारांच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया होते. गांधी जन्मशताब्दीच्या, १९६९ च्या नोटांवर बसलेले गांधीजी आणि मागे वर्ध्याचा सेवाग्राम आश्रम होता. एक रुपयाच्या नोटेवर मुंबईच्या समुद्रातले ‘सागर सम्राट’ ही तेल शोधणारी रिग होती. आज वीसच्या हिरवट पिवळ्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत. नव्या मालिकेत इतर नोटांवर कोणार्क, हम्पीचा रथ, राणी की वाव, सांचीचा स्तूप आणि लाल किल्ला आहेत. दोनशेची नोट २५ ऑगस्ट २०१७ रोजी आली, त्या दिवशी गणेश चतुर्थी होती.

नकल करणारे या सगळ्याला कसे तोंड देतात? बहुतेक वेळा ते देतच नाहीत. ते घाईवर, अंधारावर आणि आपल्या संकोचावर विसंबतात. दुकानात नोट उलटसुलट करून पाहिली की समोरच्याला अपमान वाटेल, म्हणून आपण पाहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या अहवालानुसार २०१६-१७ मध्ये बँकिंग व्यवस्थेत ७,६२,०७२ बनावट नोटा पकडल्या गेल्या आणि २०२३-२४ मध्ये २,२२,६३९. पोलिसांनी जप्त केलेल्या नोटा या आकड्यांत नसतात. २०२३-२४ मधल्या नोटांपैकी सुमारे ९५ टक्के नोटा रिझर्व्ह बँकेपर्यंत पोचण्याआधी इतर बँकांतच सापडल्या. म्हणजे लढाई बँकेच्या खिडकीवर चालते. पण बँकेत सापडलेली प्रत्येक बनावट नोट त्याआधी कुणाच्या तरी गल्ल्यात खरी म्हणून गेलेली असते.

तिथेच गरीब माणसाचे नुकसान होते, कारण नियम कठोर आहे. बँकेच्या खिडकीवर नोट बनावट निघाली तर ती जप्त होते, तिच्यावर तसा शिक्का पडतो आणि तुम्हाला पावती मिळते. बदली पैसे मिळत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा असतील तर बँक महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त असतील तर गुन्हा नोंदवला जातो. नोट जप्त केली तर पावती मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि बनावट नोट हातात आली म्हणून ती पुढे ढकलणे हा भारतीय न्याय संहितेच्या १७९ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पाचशे रुपये बुडाले तरीही. फाटक्या नोटेचे तसे नाही. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सलग तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण पैसे मिळतात, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धे.

सुरक्षा केवळ शाईत आणि कागदात नसते, हे महाराष्ट्राने नोटेच्या शेजारच्याच एका कागदात पाहिले आहे. तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणाचे धागे नाशिकरोडच्या प्रेसमधून भंगार म्हणून लिलावात निघालेल्या जुन्या यंत्रांपर्यंत पोचले होते. पुढे तेलगीला ३० वर्षांची सक्तमजुरी झाली. जलचिन्ह कितीही सुंदर असले तरी यंत्र दाराबाहेर गेले की ते निरुपयोगी ठरते.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहिले त्याकडे येतो.

दादरच्या पुलावर रुमाल, कंगवे आणि मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या एका दृष्टिहीन विक्रेत्याशी बोलत होतो. गिऱ्हाइकाने दिलेली नोट ते आधी दोन बोटांत घडी घालून लांबी पाहतात, मग कडा चाचपतात. “पाचशे कळते, दादा. शंभर-दोनशेही कळतात, नोट नवी असेल तर. पन्नास आणि वीसला विचारावे लागते.” कुणाला विचारता? “जो देतो त्यालाच.”

या एका वाक्यात सगळे आले. ज्याच्याकडून फसवणूक होऊ शकते त्यालाच विचारून नोट ओळखायची.

१९९६ ची महात्मा गांधी मालिका या बाबतीत विचार करून केलेली होती. वीसवर उभा आयत, पन्नासवर चौकोन, शंभरवर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ, पुढे आलेल्या हजारवर हिरा, सगळे उंच छपाईत, बोटाला लागणारे. खूण नव्हती ती फक्त दहावर. आकारातही स्पष्ट फरक होता. दहाची नोट १३७ मिलिमीटर लांब, वीसची १४७. पन्नास लांबीला वीसएवढीच, पण रुंदीला एक सेंटिमीटर जास्त. शंभर १५७, पाचशे १६७. प्रत्येक पायरी दहा मिलिमीटरची. एवढा फरक बोट चुकत नाही.

मग २०१६ मध्ये वीस आणि पन्नासच्या नोटांतून उंच छपाई काढून टाकली गेली आणि तिच्याबरोबर ओळखखूणही गेली. त्याच वर्षी सुरू झालेल्या नव्या मालिकेत नोटा लहान झाल्या. शंभर १४२ मिलिमीटर, दोनशे १४६, पाचशे १५०, आणि तिघींची रुंदी एकच, ६६. दोन नोटांमधली पायरी चार मिलिमीटरवर आली. शंभर आणि त्यावरच्या नोटांना खुणा आहेत, हे मान्य. शंभरवर त्रिकोण आणि चार तिरक्या रेघा, दोनशेवर ‘एच’सारखी खूण आणि चार रेघांमध्ये दोन वर्तुळे, पाचशेवर वर्तुळ आणि पाच रेघा. पण पन्नास, वीस आणि दहाला बोटासाठी काहीही नाही. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ नावाचे मोबाइल ॲप आणले. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ते किंमत बोलून सांगते, इंटरनेट नसले तरी. चांगले काम आहे. पण ते नोट खरी की खोटी ते सांगत नाही. आणि गर्दीच्या पुलावर एका हातात माल, दुसऱ्या हातात नोट असताना तिसरा हात कुठून आणायचा?

दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. उंच छपाईला वेगळे यंत्र आणि वेगळी फेरी लागते. दहा-वीसच्या नोटा सर्वांत जास्त हातांतून जातात, घामाने मळतात, त्यांच्यावरची उंची लवकर झिजते. खर्च करायचा आणि खूण वर्षभरात पुसली जायची, असा आक्षेप आहे. दहा आणि वीसला नाणी आहेत, वीसच्या नाण्याला बारा कोन आहेत, ते हाताला कळते, असेही म्हणता येते. पन्नासला मात्र नाणे नाही, आणि बाजारात दहाची नोटच सर्रास चालते. झिजण्याचे म्हणाल तर शंभरची खूणही झिजते, म्हणून आपण ती शंभरवरून काढलेली नाही. आणि नोट लहान किमतीची आहे म्हणून ती ओळखण्याची गरज लहान होत नाही. दृष्टिहीन विक्रेत्याचा, हमालाचा, फुले विकणाऱ्या बाईचा दिवसभराचा धंदा दहा-वीस-पन्नासमध्येच असतो. २०११ च्या जनगणनेत देशात पाहण्याचे अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख लोकांची नोंद झाली. ज्यांची दृष्टी वयाने मंद झाली आहे अशा आपल्या घरातल्या आजी-आजोबांची संख्या वेगळी.

कडेच्या तिरक्या रेघा हा उपाय मला सर्वांत योग्य वाटतो. त्यासाठी संपूर्ण चित्र उंच छापायला नको, कडेला थोडी जागा पुरे. पन्नासला तीन रेघा, वीसला दोन, दहाला एक, आणि पुढच्या मालिकेत प्रत्येक नोटेच्या लांबीत पूर्वीइतका फरक. यात शोधून काढण्यासारखे नवे काही नाही. शंभर आणि पाचशेसाठी हे काम आपले छापखाने आजही करतात.

रिझर्व्ह बँक कायद्याच्या २५ व्या कलमानुसार नोटेचा आराखडा, आकार आणि साहित्य केंद्र सरकार मंजूर करते, रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती मंडळाच्या शिफारशीवर. म्हणजे हे बदलण्यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. शिफारस मुंबईतून जायची आहे, मंजुरी दिल्लीतून यायची आहे. वाचकांना विनंती अशी की आपल्या भागातल्या दृष्टिहीनांच्या संस्थेशी बोला, आपल्या खासदाराला लिहा, रिझर्व्ह बँकेला लिहा, आणि पन्नास, वीस व दहाच्या नोटेवर बोटाला लागणारी खूण द्या, एवढीच मागणी करा.